आमचे पाळकसाहेब: तुमच्याही आठवणी येऊ द्या

रानजाई
काल मुंबईत ताज हॉटेलच्या मागच्या बाजूने जाताना बोवेन मेमोरियल चर्च दिसलं आणि बाबा आठवले. बाबा मेथडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिस्त्यांचा एक पंथ) पाळक. जॉर्ज बोवेन हे त्यांचं दैवत. 1848 मध्ये अमेरिकेतून मुंबईत आले, मिशनचा पगार नाकारला, बाजारात खोली घेऊन शिकवण्यांवर भागवलं. मराठी शिकून रस्त्यावर उपदेश करायचे. पुढे मेथडिस्टांना मिळाले. 1888 मध्ये इथेच वारले, मायदेशी एकदाही गेले नाहीत. घरात पैशांवरून कुरकुर झाली की बाबा बोवेनसाहेबांना मध्ये आणत. आई म्हणे, "त्यांचं लग्न कुठे झालं होतं!"
लिहा तुमचेही. पाळक, बिशप, कुणीही चालेल.

टपोरा_मोगरा
आई गं, पाळकांच्या त्या बदल्या! कॉन्फरन्सला, म्हणजे चर्चच्या वार्षिक सभेला, बिशपसाहेब नेमणुका वाचून दाखवत नाहीत तोवर आमच्या घरी लोणचं घालायचं नाही. बरण्या फुटतात म्हणून.

रानजाई
@मोगरा तुम्हीपण पाळकांच्या घरातल्या? सलाम ताई 😄

वाडीवरचा
मी ख्रिस्ती नाही. पण आमच्या वस्तीतले निम्मे रेशनकार्डाचे अर्ज पाळकसाहेबांच्या अक्षरात होते. आजीच्या पेन्शनसाठी तहसीलला सोबत गेले, दिवसभर बाकावर बसले. देवाचं काही बोलले नाहीत, चहाचे पैसे मात्र देऊ दिले नाहीत. आजी शेवटपर्यंत त्यांना 'साहेब' नाही, 'दादा' म्हणायची.

खडूफळा
बिशप जसवंतराव चितंबर विसरू नका. मराठी घराणं, जन्म अलाहाबादचा. लखनौ ख्रिश्चन कॉलेजचे प्राचार्य, नंतर मेथडिस्टांचे पहिले भारतीय बिशप. गोऱ्यांच्या काळात ही लहान गोष्ट नव्हे. 1940 मध्ये गेले. आपल्याकडे नावही माहीत नाही कुणाला.

वाडीवरचा
खरंच नव्हतं माहीत. धन्यवाद सर.

झणझणीत
अवांतर: मित्राबरोबर त्यांच्या चर्चला गेलो होतो, वाइन मिळेल या आशेने. कळलं, मेथडिस्टांकडे प्रभुभोजनाला (चर्चमधला भाकरी-वाइनचा विधी) वाइनऐवजी द्राक्षाचा रस 😭

टपोरा_मोगरा
तो आई घरी करायची. काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी उकळायच्या, गाळायच्या. उरलेला चोथा आम्हा पोरांना.

झणझणीत
साखर घालायची का त्यात?

टपोरा_मोगरा
छे हो. थांबा, कुकरची शिट्टी झाली, येते.