बारावा कोण: पाचवा रेडर की राखीव डावा कॉर्नर?

पंचवटीकर
आमच्या कबड्डी संघाचं शिबिर संपत आलं. सोळातले बारा ठेवायचे, चौघांना नारळ. अकरा नावं जवळपास पक्की दिसतात: चढाई करणारे रेडर चार, पकडीसाठी आतले कव्हर तीन, टोकाचे उजवे कॉर्नर दोन, डावा एक, अष्टपैलू एक. बाराव्या जागेला बोनसवाला रेडर (बोनस रेषा ओलांडून गुण आणणारा) की दुसरा डावा कॉर्नर? चाचणीत गुण रेडरचेच जास्त. डावा जखमी झाला तर राखीव उजव्याला तिकडे सरकवू, असं प्रशिक्षकांचं म्हणणं. पटतं का?

सिन्नर फाटा
नाही पटत. बाजू बदलली की पाय टाकण्याची सवय उलटी होते, घोट्यावर झेप दुसऱ्या खांद्याने घ्यावी लागते, साखळीत कव्हरला द्यायचा हातही बदलतो. मग माणूस अर्धा क्षण आधी उडी मारतो आणि रेडर त्याला टिपून मध्यरेषा गाठतो. कॉर्नर घ्या. फक्त पिवळ्या कार्डाचं कारण कुणी पुढे करू नका. निलंबिताच्या जागी बदली मिळतच नाही, दोन मिनिटं एक गडी कमीच खेळायचं.

तिसरी चढाई
पण सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर रेडर बाद. पहिले दोन रेडर बाहेर बसलेले असताना तिथे कोण जाणार? ताज्या दमाचा पाचवा हवाच.

सिन्नर फाटा
त्यासाठी चौथा आहे की! शिवाय समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो. पाच उरले की याचं हत्यार बोथट, आणि तिसरी चढाई बरेचदा तेव्हाच येते. समोर तिघे असताना पकडला गेला तर त्यांना अव्वल पकडीचे दोन गुण. चाचणीचा गुणतक्ता मागवा: स्पर्शाचे किती, बोनसचे किती, रिकाम्या चढाया किती, समोर किती गडी असताना. नुसती बेरीज फसवते. गुण बहुतेक बोनसचेच निघाले तर विषय संपला.

ओझरचा कव्हर
वाद चांगला आहे, पण आधी काटा बघा. पुरुष गटात मर्यादा 85 किलो. 86-87 वर असलेल्याला यादीत घालून शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडायला लावलं, तर वजन भरेल, पण दुसऱ्या वीस मिनिटांत पोटऱ्यांत गोळे येतील. यादी देण्याच्या आठवडाभर आधी रोज सकाळी, एकाच काट्यावर वजन घ्या. शिवाय मातीवरच्या पोरांना मॅटचे बूट आत्ताच घालायला द्या. बुटाची पकड जास्त, वळताना पाय जागीच राहतो आणि गुडघा पिळतो.

पंचवटीकर
तक्ता मागवतो. वजनाचं मात्र कुणीच बोललं नव्हतं, चार रेडरांपैकी एक काठावर आहे. तो अडकला तर?

ओझरचा कव्हर
तर बोनसवाला त्याच्या जागी, आणि कॉर्नर तरीही आत.