मदत हवी आहे: शेवटच्या आजारपणाबद्दल पेशंटशी कसं बोलायचं, हे पोरांना शिकवू कसं?

नमस्कार मंडळी, मी पुण्यात एका मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवतो. पुढच्या बुधवारी एटकॉमचा (म्हणजे डॉक्टरची वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद शिकवायचा) दोन तासांचा क्लास माझ्या गळ्यात पडलाय. विषय असा की आजार बरा होणारा नाही, तर पुढचे उपचार कुठपर्यंत हवेत हे पेशंटला विचारायचं कसं.

वाईट बातमी कशी सांगायची याच्या, स्पाइक्स पद्धतीच्या सहा पायऱ्या पोरांना पाठ आहेत, व्हायव्हात घडाघडा म्हणतील. पण गेल्या वेळी रोल प्ले केला, मी पेशंट होऊन खाटेवर आडवा, तर एक चांगला हुशार पोरगा आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला "काका, व्हेंटिलेटर हवा की नको?" चहात साखर किती विचारावं तसं! सगळे हसले, मीही हसलो. दुसरी आली ती "काही होत नाही काका, बरे व्हाल" म्हणून मोकळी झाली.

कायदा सांगणं सोपंय हो. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने लिव्हिंग विल (पुढे सांगता आलं नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणं) मान्य केलं, २०२३ ला प्रोसेस सुटसुटीत केली, मॅजिस्ट्रेटची सही गेली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतो. अडतं ते पहिल्या वाक्यापाशी. मराठीत विचारायला गेलं की एकतर अभद्र वाटतं नाहीतर कोर्टाची नोटीस. त्यात दारात मुलगा उभा, "बाबांना काही सांगू नका डॉक्टर". आणि बाबांना सगळं ठाऊक असतं! आमच्या वॉर्डातल्या एका आजोबांनी मुलगा औषधं आणायला गेल्यावर मला हळूच सांगितलं, नळ्या नकोत, धायरीला घरी न्या.

तर सुरुवात कशी करायला शिकवू? आणि त्या मुलाचं काय करायचं?

प्रतिसाद: सर, मी पॅलिएटिव्हमध्ये, म्हणजे गंभीर आजारात पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या विभागात नर्स आहे. आधी स्टूल ओढून बसायला शिकवा. मग "आजाराबद्दल तुम्हाला आत्तापर्यंत काय काय सांगितलंय?" एवढंच विचारून गप्प राहायचं, पोरांना हे गप्प राहणंच जमत नाही. मुलाशी वाद नको, त्याला विचारायचं, "बाबांनी स्वतःहून मला विचारलं तर मी काय सांगू?" बहुतेक जण तिथेच रडतात, मग बोलतात. आणि पेशंट तुम्ही होऊ नका, सरांसमोर पोरं परीक्षाच देणार.

धागाकर्ता: मुलाला विचारायचं वाक्य लिहून घेतलं सिस्टर. पेशंट म्हणून आमच्या वॉर्डातल्या मावशींना विचारतो. आता वॉर्डात स्टूल तेवढं सापडायला हवं.