'डब कव्वाली': नुसरतच्या आवाजाखाली रेगेचा बेस कशाला?

खर्जातला_सा: परवा रात्री परत एकदा 'डब कव्वाली' अख्खा ऐकला. माहीत नसेल त्यांच्यासाठी, गाउदी म्हणून लंडनमधे राहणारा एक इटालियन प्रोड्यूसर आहे, त्याने फैसलाबादच्या रहमत ग्रामोफोन हाऊसकडची नुसरत फतेह अली खानांची तरुणपणीची रेकॉर्डिंग घेतली, खाली रेगेचा, म्हणजे जमैकन संगीताचा, बेस आणि ड्रम टाकले, वर एको सोडला आणि २००७ ला अल्बम काढला. खाँसाहेब गेले १९९७ ला. साउंड भारीये, हेडफोनवर बेस पोटात जाणवतो, मान्य. पण कव्वालीचा जीव चढत्या लयीत असतो हो, एक ओळ घोळवत घोळवत, टाळ्या, साथीदार तीच ओळ उचलतात आणि वीस मिनिटांनी लय कुठल्या कुठे गेलेली असते. इथे ठेका जिथल्या तिथे, गाणं तापायच्या आत ट्रॅक संपतो. रिमिक्स करा, पण याला कव्वाली म्हणू नका.

एकोखोर: नाव नीट वाच की, पुढे 'डब' लिहिलंय. डब म्हणजे काय तर जमैकातल्या किंग्स्टनमधे किंग टबी, मूळचा रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारा माणूस, त्याने सत्तरीच्या दशकात रेकॉर्डमधला आवाज काढून टाकून बेस-ड्रमवरच मजा करून दाखवली, मधेच एखादा शब्द सोडायचा आणि तो एकोत विरत जाऊ द्यायचा. आता तूच सांग, गायकाने टाकलेली ओळ मागचे आठ जण उचलतात आणि एको तीच ओळ उचलतो, यात एवढं काय परकं आहे?

पेटीवाला: एको दमत नाही, साथीदार दमतात, तिथेच फरक पडतो 😀 मी भजनी मंडळात पेटी वाजवतो म्हणून सांगतो, मागचे तापले की पुढचा तापतो. आणि समेचं काय? केहरव्याच्या ठेक्यात समेवर, म्हणजे पहिल्या ठोक्यावर, वजन असतं, रेगेच्या वन-ड्रॉपमधे पहिलाच ठोका रिकामा आणि दणका तिसऱ्यावर. आपण समेला मान हलवायला जावं तर तिथे कोणीच नाही.

एकोखोर: मला तर तेच आवडतं, पायरी चुकल्यासारखं होतं.

तिसरा_काळा: गणपतीत आमच्या गल्लीत डीजेवाला अभंग वाजवतो ते कधी येऊन ऐका, मग गाउदी संत वाटेल. बाकी याला 'इंडियन' फ्यूजन म्हणून खपवणाऱ्यांना कोणीतरी सांगा की घराणं जालंधरचं असलं तरी खाँसाहेब जन्मले १९४८ ला पाकिस्तानात.

रात्रपाळी: पण खाँसाहेबांना स्वतःला रिमिक्सचं वावडं नव्हतंच ना? १९९० ला मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडने त्यांचं 'मस्त मस्त' रिमिक्स केलं तेव्हा ते हयात होते. मग गेल्यावर आपण कशाला सोवळं नेसून बसायचं.

खर्जातला_सा: बरं झालं 'मस्त मस्त' काढलंस. त्याच अल्बमच्या वेळी त्याचा प्रोड्यूसर मायकल ब्रुक याने एडिट करताना काही ओळी मधेच कापल्या, त्याला भाषा येत नव्हती त्यामुळे शब्दांचा अर्थच गेला, आणि खाँसाहेबांना ते चाललं नाही, मग बसून मधला मार्ग काढला. हे ब्रुकनेच सांगितलंय. माझा मुद्दा हाच आहे रे, तेव्हा 'हे नको' म्हणायला माणूस समोर होता, २००७ ला कोण म्हणणार?

रात्रपाळी: हम्म. हे माहीत नव्हतं.

एकोखोर: मग गेलेल्या माणसाच्या आवाजाला हातच लावायचा नाही का? टेप कपाटात पडून राहिल्या तर कोणाचं भलं होणारे, आणि गाउदीने निदान आवाज पुढे ठेवलाय, स्पीड वाढवून चिपमंकसारखा चिरका नाही केलाय. आधी चांगल्या स्पीकरवर ऐक, मोबाइलवर ऐकून डबबद्दल बोलू नये.

खर्जातला_सा: हेडफोनवर ऐकलं म्हणून वरच लिहिलंय. वाचत जा.

पेटीवाला: याच्या वाचण्यातही पहिला ठोका रिकामाच 😂