‘काही विशेष?’ : मूल होण्यासाठीच्या उपचारांचे तुमचे अनुभव

माळा आवरताना निळी फाईल हाती लागली. 2016 ते 2018. खाली रद्दीवाला ताटकळत होता, पण ती काही त्याच्या तराजूत टाकवेना. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसूनच चाळत राहिले. फॉलिक्युलर स्टडीचे, म्हणजे अंडं किती वाढलं ते मोजणाऱ्या सोनोग्राफीचे कागद. दिवस नववा, अकरावा, तेरावा. उजवी ओव्हरी, डावी ओव्हरी. 12, 14, 17 मिलिमीटर. त्या वर्षांत आमच्या घरातली हवा या आकड्यांवर ठरायची. अठराच्या पुढे गेला की नवरा येताना भेळ आणायचा.

परवाच चुलतबहिणीच्या मुलीचा फोन आला होता. तिची ट्रीटमेंट सुरू झालीय. दीड तास बोललो, आणि शेवटी ती म्हणाली, “मावशी, तू हे सगळं तेव्हा कुणाला विचारायचीस?” कुणालाच नाही. लग्नाकार्यात कोपऱ्यात ओढून ‘काय गं, काही विशेष?’ करणारे पन्नास होते. ट्रान्सफरनंतर, म्हणजे गर्भ आत सोडल्यावर, खड्ड्यांतून रिक्षानं गेलं तर चालतं का, हे विचारावं असं एक माणूस नव्हतं. (चालतं. गर्भ असा घरंगळून पडत नाही.) म्हणून हा धागा. ज्यांचं गोड झालं त्यांनीच लिहावं असं मुळीच नाही. नावं नकोत, डॉक्टरांची तर नकोतच. राहता कुठे एवढं सांगा, पुरे.

सुरुवात मी करते. लग्न एकोणतिसाव्या वर्षी, मग दोन वर्षं ‘होईल, बघू’. तपासण्यांत एएमएच, म्हणजे अंड्यांचा साठा सांगणारा आकडा, 1.1 म्हणजे कमी, आणि एचएसजीत (गर्भनलिकांच्या एक्स-रेत) उजवी नळी बंद निघाली. तीन आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडतात ते), तिन्ही वेळा पाळी ठरल्या दिवशी हजर. 2017 मध्ये पहिलं आयव्हीएफ, म्हणजे अंडी बाहेर काढून लॅबमध्ये फलन. पिकअपनंतर, म्हणजे अंडी काढून झाल्यावर, भुलीतून उठले तर सिस्टर म्हणाल्या, नऊ मिळाली. मी मनात नऊ नावं ठेवून मोकळी. दुसऱ्या दिवशी लॅबचा फोन, सहा फर्टिलाइज झाली. पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट (तिथवर वाढलेले गर्भ) उरले दोन. अशी गळती सगळ्यांचीच होते, पण मला आधी कुणी सांगितलेलं नव्हतं; वाटलं, आपलंच काहीतरी सांडलं. एक आत सोडला, एक गोठवला. दोन आठवड्यांनी बीटाचा, म्हणजे दिवस राहिलेत का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आला, आकडा 2. नवरा म्हणाला, “दोन म्हणजे थोडं तरी आहे ना?” पाचाच्या आत म्हणजे नाही. इंजिनिअर माणूस, पण त्या दिवशी त्याला शून्य आणि दोन यांच्यात फार मोठं अंतर दिसत होतं. गोठवलेला रुजला, सातव्या आठवड्यात गेला. त्याबद्दल आज लिहीत नाही.

दुसऱ्या पिकअपची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ट्रिगरचं, म्हणजे अंडी पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन घड्याळ लावून घ्यायचं असतं, कारण पिकअप त्यानंतर पस्तीस-छत्तीस तासांनी. लवकर घेतलं तर अंडी आधीच सुटून जायची भीती, उशिरा घेतलं तर ती कच्ची. आमची वेळ आली 23 सप्टेंबर 2018, रात्री साडेनऊ. अनंत चतुर्दशी! आम्ही सदाशिव पेठेत, इंजेक्शन देणाऱ्या सिस्टर नारायण पेठेत, मध्ये कुमठेकर रस्ता, लक्ष्मी रस्ता आणि अख्खी मिरवणूक. इंजेक्शन बर्फाच्या पिशवीत गुंडाळून चहाच्या थर्मासात. एरवी दहा मिनिटांची वाट, तरी आठला निघालो. लक्ष्मी रस्त्यावर पथकाच्या दोराशी अडकलो ते अडकलोच. नवरा दोर धरलेल्या पोराच्या कानात ओरडला, “औषध आहे, जाऊ दे!” “कुणाला काय झालंय?” “आजी आहे घरी!” पोरानं दोर तर उचललाच, वर ढोलांच्या रांगेतून पुढे चालत आम्हाला वाट करून दिली. सिस्टरांच्या स्वयंपाकघरात मांडणीवरची भांडी ताशांनी थरथरत होती. त्या सुई भरून घड्याळाकडे बघत उभ्या. साडेनऊ.

ती आजी अजून आमच्याकडे चेष्टेत येते. लेक यंदा पहिलीत गेली.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. आमच्या वेळी कायदा नव्हता. 2021 चा एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांचा) कायदा जानेवारी 2022 पासून लागू आहे. क्लिनिकची नोंदणी लागतेच, बाईचं वय 21 ते 50 आणि पुरुषाचं 21 ते 55 च्या आतलं लागतं. नोंदणी बघायला मागताना लाजू नका, आम्ही तर भिंतीवरच्या बाळांचे फोटो बघूनच पैसे भरले होते. आणि मेडिक्लेमवर विसंबू नका. बहुतेक पॉलिसींच्या अपवादांच्या यादीत वंध्यत्व स्वच्छ छापलेलं असतं. आमचं सगळं एफड्या मोडून.

आता तुम्ही लिहा.

वाकडहून, नवरा

पुरुष इथं लिहिणार नाहीत असं धरूनच चालला असाल.

बायकोच्या तपासण्या पावणेदोन वर्षं चालल्या. रक्त, सोनोग्राफी, एचएसजी (आत ती टेबलाची कड धरून होती, मी बाहेर मोबाईलवर मॅच बघत होतो), मग दुर्बिणीची लॅप्रोस्कोपी. तोवर माझ्या हातात कुणी वीर्यतपासणीची साधी बाटली दिली नव्हती. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, “आणि यांचा रिपोर्ट?” आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात कमी त्रासाची तपासणी, आणि तीच राहिलेली. पहिल्या ठिकाणचा राग अजून गेलेला नाही. स्वतःवरचाही गेलेला नाही, मी तरी कुठं विचारलं.

क्लिनिकच्या त्या खोलीत मला जमेना. दाराबाहेर कुणीतरी चपला वाजवत उभं. मग घरून न्यायचं ठरलं. तासाच्या आत लॅबला पोचवायचं आणि अंगाच्या उबेत ठेवायचं. डिसेंबरची सकाळ, वाकड ते डेक्कन, विद्यापीठ चौक जाम. बाटली बनियनच्या आत, काखेशी दाबून एका हातानं स्कूटर. सिग्नलला शेजारचे काका म्हणाले, “हात दुखावलाय तर चालवता कशाला?”

रिपोर्टात शुक्राणू तीस लाख. ऐकून मला बरंच वाटलं होतं. मग कळलं, मिलीमागे दीड कोटीच्या आसपास ही खालची मर्यादा धरतात. व्हेरिकोसील (वृषणाच्या फुगलेल्या शिरा) निघालं, ऑपरेशन झालं. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने जातात, म्हणून तीन महिने थांबून पुन्हा तपासणी. आकडा थोडा वाढला, पुरेसा नाही. शेवटी इक्सी केलं, त्यात एका अंड्याला एकच शुक्राणू लागतो. मुलगा आता तीन वर्षांचा आहे.

या काळात आईनं बायकोला सोळा सोमवार धरायला लावले होते. अकरावा झाला त्या रात्री मी आईला सांगितलं की कमी माझ्यात आहे. आई बराच वेळ गवार मोडत राहिली. मग सुनेला म्हणाली, “उद्यापासून तू नीट जेव.” आणि माझ्याकडे न बघता, “राहिलेले पाच याला धरू देत.”

धरले.

औंधहून

वरच्या आईंचं बरोबरच आहे. मी सासू, म्हणजे तुमच्या सगळ्यांच्या गोष्टीतली ‘ती’. मूळची साताऱ्याकडची, मुलाकडं असते. दर महिन्याला विचारायचे, खोटं कशाला बोलू. एकदा फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या मागं आइस्क्रीमचा डबा दिसला, उघडला तर पेनासारखी इंजेक्शनं. माझ्या बहिणीला इन्सुलिनची तशीच असतात. मला वाटलं, सुनेला साखर निघाली आणि पोरं लपवतायत. तीन दिवस तिला बिनसाखरेचा चहा दिला. तीही बिचारी मुकाट्यानं प्यायली, तिला वाटलं सासू रागावलीय. चौथ्या दिवशी कप ठेवून म्हणाली, “आई, साखर संपलीय का?” मग सगळं निघालं.

तेव्हापासून मी विचारत नाही आणि दुसऱ्या कुणाला विचारू देत नाही. नणंदेचा फोन आला की मी घेते. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा केली, आरत्या केल्या, आणि या दोघांनाच पाटावर बसवून ओवाळलं. मुलं माझीच की. सून हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणीही होतं.

दोनदा झालं नाही. तिसरं दिवाळीनंतर आहे.

सिंहगड रस्ता

आम्ही थांबलो. चार ट्रान्सफर, एकदा नऊ आठवड्यांपर्यंत, मग एक्केचाळिसाव्या वर्षी थांबलो. ‘हार मानू नका’ म्हणणाऱ्यांचा मला आता कंटाळा येतो. माझा पीएफ, त्याची गाडी आणि सहा वर्षं गेली. थांबायचं ठरवलं त्या रविवारी आम्ही खडकवासल्याला जाऊन कणीस खाल्लं आणि कित्येक महिन्यांनी दुसऱ्या कशाबद्दल तरी बोललो. बहुतेक पंख्याबद्दल, बेडरूमचा आवाज करायचा.

एक गर्भ अजून गोठवलेला आहे. कायद्यानं दहा वर्षं ठेवता येतो. दर मार्चमध्ये क्लिनिकचा मेसेज येतो, रिन्युअल करायचं का. आम्ही एकमेकांना काही विचारत नाही. तो पैसे भरतो.

चिंचवडहून

आमची वाट दत्तकाची. दोन आयव्हीएफ झाल्यावर ‘कारा’च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या, पोर्टलवर नाव नोंदवलं. अटी आधी वाचून घ्या: लग्नाला निदान दोन वर्षं झालेली हवीत, आणि दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं तर दोघांच्या वयांची बेरीज 85 च्या वर नको. उपचारांच्या नादात ही बेरीज गुपचूप वाढत असते, म्हणून सांगते. आमची 79 होती. होम स्टडीला येणाऱ्या ताई कपाटं उघडून बघतील म्हणून मी आदल्या दिवशी माळेसुद्धा पुसले. त्यांनी फक्त पाणी मागितलं आणि विचारलं, “भांडण झालं की आधी कोण बोलतं?” पुण्यात हे काम जुनं आहे; ससूनच्या आवारात सोफोश संस्थेचं श्रीवत्स हे बालसंगोपन केंद्र आहे. पण देशभर यादी एकच, आणि आमचा नंबर लागायला साडेतीन वर्षं गेली. फोटो आला की 48 तासांत होकार कळवायचा असतो. आम्ही चौथ्या मिनिटाला कळवला. विदर्भातून आणली तिला. आझाद हिंद एक्स्प्रेसमध्ये रात्रभर ती नवऱ्याच्या छातीवर झोपली आणि तो अकरा तास हलला नाही. पुणे स्टेशनला उतरताना मान एका बाजूला तशीच.

कसबा पेठ, निवृत्त सिस्टर

वाचून राहवलं नाही. गर्भ टिकायला देतात ते प्रोजेस्टेरॉनचं तेलातलं इंजेक्शन असतं, ते देण्याआधी कुपी पाच मिनिटं मुठीत धरा, तेल पातळ होतं. रोज बाजू बदला. नंतर कोमट शेक, हलक्या हातानं चोळणं आणि चार पावलं चालणं. गाठ लाल होऊन तापली किंवा अंगात ताप आला तर मात्र घरगुती काही करत बसू नका, दाखवा. आणि वरच्या अनंत चतुर्दशीवाल्या बाई, ती मी नव्हे, पण मीही मिरवणुकीत दिलीत.

बाणेरहून

उद्या माझा पहिला बीटा आहे. एवढंच विचारायचंय, उपाशीपोटी जायचं असतं का? क्लिनिकचा फोन लागत नाहीये आणि नवरा म्हणतो काही खाऊ नकोस, उगाच रिस्क नको.

सदाशिव पेठ

उपाशी लागत नाही गं. चहा घे, पोहे खा. त्यालाही खायला घाल, तो आत्तापासूनच जेवलेला नसणार.