उपकेंद्रात क्षयरोग आणि मधुमेहाची तपासणी एकत्र कशी बसवावी?

प्रश्न: शुगर तपासणीचा वार वेगळा, थुंकीचा वेगळा. दुसऱ्या फेरीला माणसं येतच नाहीत. एकाच भेटीत दोन्ही कसं उरकावं?

उत्तर १: आशाताईंच्या सीबॅक फॉर्मपासून (आजारांचा धोका ओळखायची प्रश्नावली) सुरुवात करा. तिशीपुढच्या प्रत्येकाचा तो भरायचाच असतो आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन घटणं, थुंकीतून रक्त हे प्रश्न त्यात आहेतच. एकूण गुण ४ पेक्षा जास्त आले, तर बीपी-शुगर आधी. पण खोकला असेल तर गुण न बघता थुंकीची डबी तिथल्या तिथे द्या. बहुतेक ठिकाणी फक्त गुण पाहतात, हीच चूक.

उत्तर २: उलट बाजूही सांभाळा. निक्षयवर (क्षयरुग्णांच्या नोंदीचं सरकारी पोर्टल) नोंद होताच प्रत्येक क्षयरुग्णाची शुगर बघा. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आली, तर पुन्हा तपासून निदान पक्कं करा. आधीच ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) चालू असेल तर जास्त लक्ष हवं: रिफाम्पिसिन या क्षयरोगाच्या औषधामुळे त्याचा असर घटतो, शुगर चढते आणि रुग्णाने गोळ्या चुकवल्या असा उगाच ठपका बसतो. डोस वैद्यकीय अधिकाऱ्यांनीच बदलावा.

उत्तर ३: दोन्ही औषधं महिन्याच्या एकाच तारखेला द्या. पोर्टल दोन आहेत, म्हणून उपचार कार्डावर निक्षय आयडीशेजारी एनसीडी (मधुमेह, बीपीसारखे असंसर्गजन्य आजार) पोर्टलचा नोंदणी क्रमांकही लिहा.