मदत हवी आहे: तलावात सोडलेली माशांची पिल्लं टिकत नाहीत, ट्राउट लावून बघावा का?

मलप्रभा_सोसायटी

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातला सण्ण नीरावरी (लघु पाटबंधारे) खात्याचा एक तलाव आमच्या मच्छीमार सोसायटीकडे ठेक्यानं आहे. पूर्ण भरला की पाण्याचा पसारा 38 हेक्टर, मेअखेर उरतो 10 हेक्टर. बांधालगत भरल्या पाण्यात 9 मीटर खोली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात 80,000 पिल्लं सोडतो: कटला, रोहू, मृगळ मिळून, 2 ते 3 सेंमीची. होस्पेटच्या बाजूनं ऑक्सिजनच्या पिशव्यांतून येतात, वाटेत सहा-सात तास जातात. जुलैअखेर सांडवा सुरू होतो आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वाहतो.

गेल्या हंगामात विक्रीचा माल 900 किलो निघाला, नग सरासरी 700 ग्रॅमचा. सोडल्यानंतर काठाला मेलेली पिल्लं दिसली नाहीत. जाळ्यात चिलापी (तिलापिया) भरपूर, अधूनमधून मरळ आणि शिवडा.

सभासदांपैकी काहीजण म्हणालेत की बी, म्हणजे पिल्लं, दुप्पट टाकू. काहीजण म्हणालेत की इकडं हवा गार आहे, ट्राउट लावू, भाव चांगला मिळतो. मार्चच्या सभेत ठरवायचं आहे. पिल्लं नेमकी कुठं जातात आणि काय बदलावं, जाणकारांनी सांगावं.

जलचर_बेळगाव

ट्राउटचा विषय आधी बाजूला करा. रेनबो ट्राउटला 10 ते 18 अंशांचं पाणी मानवतं. विशीच्या वर त्याचं खाणं कमी होत जातं आणि 25 अंशांच्या आसपास तो मरायला लागतो. तुमच्या तलावाचं वरचं पाणी एप्रिल-मेमध्ये 28-30 अंशांवर जातं. कुणी म्हणेल खाली गार पाणी असतं. ते वरच्यापेक्षा थोडंफार गार असतं, ट्राउटला पुरेल इतकं नाही. शिवाय उन्हाळ्यात वरचं-खालचं पाणी ढवळत नाही, त्यामुळं तळातला ऑक्सिजन कुजणाऱ्या पाल्यात संपून जातो. ट्राउटला लिटरला निदान 6-7 मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे वर उष्णता, खाली गुदमर, मधे जागाच नाही. थंड मुलखातल्या जलाशयांतसुद्धा सोडलेले ट्राउट उन्हाळ्यात असेच कात्रीत सापडून मरतात.

आपल्या देशात ट्राउट आहे तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा ठिकाणी, बारमाही गार झऱ्यांच्या पाण्यावर. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर, तेवढ्या उंचीनं भागत नाही. अंगाला गारवा जाणवणं वेगळं आणि मे महिन्यात पाणी गार असणं वेगळं. सभेत प्रश्न निघणारच, तेव्हा एप्रिलमध्ये साधा काचेचा थर्मामीटर दोरीला बांधून 1 मीटर आणि 5 मीटर खोलीवरचं तापमान दुपारी तीन वाजता मोजून ठेवा. खोलवरचं पाणी झाकणाच्या बाटलीत घेऊन लगेच मोजायचं, नाहीतर वर काढेपर्यंत आकडा बदलतो.

तळं_ते_ताट

वरच्या प्रतिसादाशी सहमत. आता कार्पकडं येऊ.

900 किलो भागिले 700 ग्रॅम म्हणजे साधारण 1,285 मासे. 80,000 मध्ये 1.6 टक्के. पण याला जगण्याचं प्रमाण समजू नका. हे जाळ्यात आलेल्यांचं प्रमाण आहे. काही मासे अजून पाण्यात असतील, काही चोरीला गेले असतील. तरीही आकडा फारच कमी आहे, आणि तुमच्या पोस्टमध्येच त्याची तीन मोठी कारणं दिसताहेत.

पहिलं, सांडवा. तुम्ही बी सोडता आणि दोन-तीन आठवड्यांत तलाव ओसंडायला लागतो. 2-3 सेंमीचं पिल्लू वाहत्या पाण्याला तोंड देऊ शकत नाही, ते काठाच्या प्रवाहाबरोबर सरकत सांडव्यापर्यंत जातं. खानापूरकडच्या पावसात दीड-पावणेदोन महिने सांडवा चालू म्हणजे तुमचं बी खालच्या नाल्यावाटे मलप्रभेत. सांडव्यावर बारीक जाळी ठोकायचा विचार कुणी मांडला तर त्याला ठाम नकार द्या. पाला-फांद्या अडकून जाळी तुंबते, पाणी चढतं आणि बांधाला धोका होतो. खातं परवानगी देणार नाही आणि देऊही नये.

दुसरं, आकार. मरळ, शिवडा, वांब, पाणकावळे, बगळे, पाणसाप या सगळ्यांना 2-3 सेंमीचा घास सोपा. मोठी झालेली चिलापीसुद्धा इतकी बारीक पिल्लं सोडत नाही. म्हणूनच राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाच्या सूचनांत जलाशयासाठी 8 ते 10 सेंमीची बोटुकली सांगितली आहे: 1,000 हेक्टरपर्यंतच्या लहान जलाशयाला हेक्टरी 2,000.

तिसरं, मोजणी. 80,000 हा आकडा कुणी मोजला? वाटीनं माप होत असेल तर पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या वाटीतली पिल्लं प्रत्यक्ष मोजा आणि सरासरी धरा. वाटी जाळीची हवी, पाणी पूर्ण निथळलेलं हवं. पाण्यासकट वाटी भरली की नग सहज चौथाईनं कमी भरतात.

मेलेली दिसली नाहीत यावर विसंबू नका. एवढं बारीक पिल्लू मेलं की बुडतं, आणि फुगून वर यायच्या आत त्याला कुणीतरी खाऊन टाकतं.

आता हिशेब असा. पसारा धरताना भरलेला आणि उन्हाळ्यातला यांची सरासरी धरायची: 38 आणि 10 म्हणजे 24 हेक्टर. हेक्टरी 2,000 प्रमाणं 48,000 बोटुकल्या. संगोपन तळ्यात बीज ते बोटुकली हे अंतर नीट सांभाळलं तर 60 टक्के जगतात. म्हणजे 80,000 बीजातून 48,000 बोटुकल्या. तुम्ही आज जेवढं बी विकत घेता तेवढंच पुरेसं आहे, ते फक्त दोन-अडीच महिने उशिरा आणि मोठं करून तलावात जायला हवं. सांडवा थांबल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर.

बी दुप्पट टाकलंत तर दुप्पट बी मलप्रभेत जाईल.

निपाणीकर_शेततळे

संगोपनाचं मी लिहितो, गुंठ्याच्या हिशेबानं, म्हणजे शेतकऱ्यांना सोपं जाईल.

मातीचं तळं असेल तर मे महिन्यात सुकवा आणि गुंठ्याला 2 ते 4 किलो चुना टाका. खानापूरची जांभ्याची माती आंबट, चार किलोच धरा. सुकत नसेल तर आतले मरळीसारखे शिकारी मासे मारायला मोहाची पेंड: 1 मीटर पाण्याला गुंठ्यामागं 25 किलो. तिचं विष उतरायला पंधरा-वीस दिवस लागतात, तोवर बी सोडायचं नाही. ही पेंड फक्त संगोपन तळ्यात वापरा. मुख्य तलावात कधीच नको, त्या पाण्यावर गुरं आणि माणसं आहेत.

बी यायच्या आदल्या दिवशी पाणकिडे मारा. गुंठ्याला 560 ग्रॅम खाद्यतेल आणि 180 ग्रॅम साधा साबण गरम पाण्यात घोटून, वारा नसताना पृष्ठभागावर पसरायचं. पाठीवर पोहणारे किडे श्वासाला वर येतात ते या तवंगात गुदमरतात. वारा असला की तवंग एका कोपऱ्यात गोळा होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. हे टाळून कुणी बी सोडलं तर किडे रात्रीत पिल्लांचा फडशा पाडतात, मग दोष बियाणं विकणाऱ्याला.

गुंठ्याला 2,000 ते 3,000 बीज. शेंगपेंड आणि भाताचा कोंडा निम्मेनिम, पिल्लांच्या एकूण वजनाच्या 5 ते 10 टक्के रोज, दोन वेळेत. दर पंधरा दिवसांनी ओढजाळं मारून 50 पिल्लं तोला आणि खाद्य नव्यानं ठरवा. पाणी हिरवट हवं. कोपर बुडेपर्यंत हात घातला आणि तळवा दिसेना, की खत थांबवा.

80,000 साठी 27 ते 40 गुंठे लागतील. सोसायटीकडं तेवढी जागा नसेल तर गावातली कृषी होंडं (शेततळी) बघा. 21 बाय 21 मीटरचं एक होंड म्हणजे सव्वाचार गुंठे. त्यांत प्लास्टिक असल्यामुळं तळाची माती नसते आणि नैसर्गिक खाद्य तयार होत नाही. तळाला अर्धा फूट माती पसरा किंवा शेणखताची पोती कडेला बुडवून ठेवा. कडा निसरड्या असतात, चारी बाजूंना गाठी मारलेले दोर सोडलेच पाहिजेत.

मलप्रभा_सोसायटी

अण्णा, सर, सगळ्यांचे आभार. ट्राउटचा मुद्दा सभेपुढं आता नीट मांडता येईल. सध्या आमच्याकडं होंडं आणि तळं मिळून 12 गुंठेच हातात आहेत. एवढ्यासाठी हा खटाटोप परवडेल का? आणि पिल्लं प्रवासातच मरत नाहीत हे कसं ओळखायचं?

तळं_ते_ताट

परवडेल. 12 गुंठ्यांत 2,500 प्रमाणं 30,000 बीज, त्यातून 18,000 बोटुकल्या. त्यांतल्या 30 टक्के जरी 800 ग्रॅमच्या होऊन जाळ्यात आल्या तरी 4,300 किलो होतात. 30 टक्के हा मी हिशेबापुरता धरलेला आकडा आहे, पण तो निम्मा झाला तरी तुम्ही आजच्या दुपटीच्या वर आहात. बियाण्याचा खर्चही कमी.

प्रवासाची चाचणी हाप्यानं करा. 1 मीटर लांब-रुंद-खोल नायलॉन जाळीची पेटी, आस (जाळीचं भोक) 2 मिमी. बोटुकल्यांसाठी 4 मिमी चालेल. तीन वेगळ्या पिशव्यांतली मिळून मोजून 100 पिल्लं त्यात सोडायची आणि हापा सोडण्याच्याच जागी बांबूला बांधायचा, तळाला टेकू द्यायचा नाही. 24, 48 आणि 72 तासांनी मेलेली काढून मोजा. पाचाच्या आत मेली तर प्रवास ठीक आहे, दोष पुढं तलावात शोधा. वीसच्या वर गेली तर प्रवास, नाहीतर सोडायची पद्धत चुकतेय. हा आकडा दर खेपेला वहीत लिहा. पुरवठादाराशी बोलताना तुमच्या हातात एवढा एकच पुरावा असतो.

जलचर_बेळगाव

पिशव्यांबद्दल भर घालतो, कारण तिथं बहुतेकांचा घोटाळा होतो.

निघण्याआधी 24 तास पिल्लं उपाशी हवीत. पोटभर खाऊन निघालेलं पिल्लू पिशवीतच घाण करतं आणि अमोनिया वाढतो. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. लिटरला 3 ग्रॅम खडेमीठ घातलं तर ताण कमी होतो. रात्री निघून पहाटे पोचा.

पोचल्यावर पिशवी न उघडता पाण्यावर 15-20 मिनिटं तरंगत ठेवा, फरक 2 अंशांच्या आत येऊ द्या. मग उघडा आणि तलावाचं पाणी तांब्या-तांब्यानं, दहा मिनिटांत निम्म्यापर्यंत. उघडलेली पिशवी अर्धा-पाऊण तास तशीच ठेवणं मात्र घातक. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आंबट झालेलं असतं, त्यामुळं अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. उघडली की तो वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पिल्लं तेव्हा उलटी व्हायला लागतात आणि माणसं म्हणतात तलावाचं पाणी वाईट. शेवटी पिशवी आडवी करा, पिल्लं आपणहून बाहेर जाऊ द्या. उंचावरून ओतू नका.

सगळी पिल्लं एका घाटावर सोडू नका. पाच-सहा जागा, कालव्याच्या गेटपासून आणि सांडव्यापासून लांब.

घटप्रभा_काठ

मरळ आणि शिवडा मे महिन्यात काढा. पसारा 10 हेक्टरवर आलेला असतो तेव्हा गळ आणि गिलनेट लावून सलग काढले तर पावसाळ्यापर्यंत त्यांची संख्या बरीच उतरते, आणि मरळीला भावही उत्तम. पाणकावळे आणि पाणमांजरं यांना हात लावू नका, कायद्यानं संरक्षण आहे. बोटुकली 10 सेंमीच्या पुढं गेली की त्यांचा त्रास बराच कमी होतो.

चिलापीसाठी म्हणून बारीक आसाची जाळी लावू देऊ नका. ऑक्टोबर ते मार्च ताणून 80 मिमीपेक्षा कमी आसाचं जाळं पाण्यात पडता कामा नये. तुमचीच बोटुकली त्यात चिलापीच्या भावानं विकली जाते.

मलप्रभा_सोसायटी

शेवटचा प्रश्न. जागा कमी पडते म्हणून तलावाच्याच कडेला बांबू आणि जाळीचं कुंपण करून तिथं पिल्लं वाढवली तर?

निपाणीकर_शेततळे

दादा, तुमच्या तलावात नको. बी येतं जुलैत, आणि त्याच वेळी पाणी काही मीटर चढतं. 10 हेक्टरच्या काठावर घातलेलं कुंपण पंधरवड्यात पाण्याखाली जाईल. सप्टेंबरच्या काठावर घातलं तर जुलैत ते कोरड्यात उभं. करायचंच असेल तर तरंगता पिंजरा घ्या, तो पाण्याबरोबर वर-खाली होतो. वाऱ्याच्या आडोशाला, तळ निदान 3 मीटर खाली राहील अशा जागी, दोन नांगर टाकून. 2-3 सेंमीच्या बीजाला 2 मिमीची जाळी, बोटुकली झाल्यावर 4 मिमी. शेवाळानं जाळी बुजली की आतला ऑक्सिजन पहाटे संपतो, म्हणून आठवड्यातून एकदा बाहेरून ब्रश मारायचा. मुख्य म्हणजे खात्याची लेखी परवानगी आधी घ्या, पिंजरा सुटून सांडव्यावर आला तर जबाबदारी सोसायटीची. पहिल्या वर्षी 12 गुंठ्यांतच करा आणि सोडताना 500 बोटुकल्यांचा डावा पोटाचा पर मुळाशी कात्रीनं कापा. पुढच्या मेपर्यंत जाळ्यात येणारा प्रत्येक मासा उलटून बघितला की तुमचे किती टिकले याचा अंदाज येईल.

मलप्रभा_सोसायटी

पर कापायचं काम सभासदांच्या पोरांना शिकवून ठेवतो. एप्रिलमधलं तापमान आणि जुलैतल्या हाप्याचे आकडे इथंच टाकेन.