बेटावरचा शनिवार-रविवार : गोव्यातले तुमचे अनुभव सांगा

गोव्याला दरवर्षी येणाऱ्यांनाही इथे बेटं आहेत हे चटकन आठवत नाही. पणजी शहरच मुळात बेटावर आहे. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुआरी आणि दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा, या तिघांनी तिसवाडीला, म्हणजे पणजीच्या तालुक्याला, वेढलंय. मांडवीच्या पात्रात दिवाडी, चोडण, जुवे ही बेटं. वास्कोसमोर समुद्रात ग्रांदे, आणि पार दक्षिणेला पाळोळ्याच्या टोकाशी काणकोणचं बेट. मी पणजीत राहते. पाहुणे आले की त्यांना किनाऱ्याऐवजी आधी फेरीबोटीवर नेते.

माझं मत आधीच सांगते. बेटावर चार-सहा जणांनीच जावं. एका होडीत मावतील आणि एका घरच्या ओसरीवर जेवायला बसतील, इतपत. वीस जणांची सहल गेली की बेट दिसत नाही, एकमेकांचे फोटोच दिसतात. तुम्ही मित्रमैत्रिणींबरोबर कुठल्या बेटावर गेलात, काय पाहिलंत, पुढच्याने काय ध्यानात ठेवावं, ते सविस्तर लिहा. हॉटेलांची यादी नको.

कोल्हापूरहून

आम्ही शाळेपासूनचे मित्र, आता सगळे पन्नाशीच्या आसपास. एकाच्या मनात सप्तकोटेश्वर होता, म्हणून दिवाडी ठरली. दिवाडीला पूल नाही. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरलं की समोरच फेरीचा धक्का. गाड्या चढतात, माणसं कठड्याला टेकून उभी राहतात, आणि गप्पा रंगायच्या आत पलीकडचा किनारा येतो. साध्या फेरीबोटीत पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, याचं आमच्यातल्या सगळ्यांना अप्रूप वाटलं. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "तुमी खंयचे?" कोल्हापूर म्हटल्यावर त्यांनी अंबाबाईला हात जोडले.

पिएदादच्या टेकडीवर चर्च आहे. तिथून खाली भातशेतं, मांडवीचं वळण आणि पलीकडे झाडीतून वर आलेली जुन्या गोव्याची चर्चं दिसतात. शेजारच्या दफनभूमीतल्या छोट्या चॅपलचं कोरीव छत आवर्जून बघा. ते गोव्याच्या कदंब राजांच्या काळातलं मानतात.

सप्तकोटेश्वर हे कदंबांचं दैवत. त्याचं मूळ देऊळ दिवाडीवरच्या नार्व्यात होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं आणि पुढे देव नदीपलीकडे डिचोली तालुक्यातल्या नार्व्यात गेला. आम्हीही त्याच वाटेने गेलो, म्हणजे दिवाडीच्या नार्व्यावरून फेरी घेऊन पलीकडच्या नार्व्यात. तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये बांधायला घेतलं. दारावरच्या शिलालेखात शके 1590 कोरलेलं आहे. अलीकडेच राज्य सरकारने त्याचं जतनाचं काम केलं आणि फेब्रुवारी 2023 मध्ये ते पुन्हा खुलं झालं. उंच शिखर नाही, घुमट आहे. समोर दीपमाळ. पन्हाळा-विशाळगड लहानपणापासून पायाखालचा असलेल्या आम्हा लोकांना महाराजांचा हा नदीकाठचा ठसा बघताना बोलवेना. दोन्ही नार्वी एकाच दिवशी, याच क्रमाने करा. देवाचा प्रवास त्याशिवाय कळत नाही.

फोंड्याहून

मी शाळेत शिकवतो. आमचा पक्षी बघणाऱ्यांचा छोटा गट आहे, आणि हिवाळ्यात आम्ही चोडणला जातोच. रायबंदरहून फेरीने उतरलं की जवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. 1988 साली ते जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर, पण सगळी खारफुटी.

आत जायचे दोन मार्ग आहेत. एक पायवाट, दुसरी होडी. होडीच घ्या. मात्र होडीवाल्याशी आदल्या दिवशी बोलून भरतीची वेळ ठरवा, कारण ओहोटीला आतल्या अरुंद वाटांत पाणी राहत नाही. भरतीला होडी तिवरांच्या फांद्यांखालून सरकते आणि खंड्या अगदी हाताच्या अंतरावर बसलेला सापडतो. काळ्या टोपीचा खंड्या थंडीत येतो. जांभळी पाठ, काळं डोकं, लालभडक चोच. आमच्यातल्या एका मैत्रिणीने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिने दुर्बीण खाली ठेवली आणि नुसत्या डोळ्यांनीच बघत राहिली.

पायवाट मात्र ओहोटीला चाला. तेव्हा चिखल उघडा पडतो आणि त्यावर निवट्या दिसतात. मासाच तो, पण पाण्याबाहेर परांवर उड्या मारत फिरतो. एक नांगी भली मोठी असलेले खेकडे ती हलवत उभे असतात. चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली तिवरांची श्वसनमुळं असतात, त्यांवर पाय देऊ नका. खाऱ्या चिखलात हवा नसते, झाड त्या मुळांनीच श्वास घेतं. त्याच चिखलात पाणमांजरांच्या पायांचे ठसेही मिळतात.

मगरींबद्दल सगळे विचारतात. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, आणि गोड्या पाण्यातली ही मगर इथे मचूळ पाण्यात राहते, हेच विशेष. होडीतून हात बाहेर सोडू नये, आणि होडीवाल्याला जवळ न्यायचा आग्रहही करू नये. आमच्या फोंडा तालुक्यात दुर्भाटला पौष अमावास्येला मातीची मगर करून पुजतात. मांगे थापणी म्हणतात तिला. खाजनाच्या, म्हणजे खारं पाणी अडवून केलेल्या शेतीच्या, बांधावर राबणाऱ्यांनी मगरीशी केलेला तो करार आहे असं मी मुलांना सांगतो. कालव्यावर गेलात तर तिला या नजरेनेही बघा.

मूळची पुण्याची, नोकरीला वास्कोत

ग्रांदे बेटाबद्दल थोडं कडक लिहिते, कारण शनिवार-रविवारच्या गटांना नेमकं हेच कुणी सांगत नाही.

ग्रांदेला बहुतेक जण बोटीने जाऊन बेटाच्या आडोशाला पाण्यात उतरतात. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बंद. पाणी अंदमानसारखं आरपार नसतं. कधी हातभर पुढचं दिसत नाही, कधी बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यावर माशांचे थवेच्या थवे दिसतात. आमच्या गटाला दोन्ही मिळालं, एकाच सकाळी. सांगाड्याच्या लोखंडाला शिंपले चिकटलेले, आणि पट्ट्यापट्ट्यांचे मासे आमच्याकडे लक्षही न देता चरत होते. पोहता न येणारी आमची मैत्रीणही प्रशिक्षकाचा हात धरून उतरली. पहिल्यांदाच उतरणाऱ्याला बारा मीटरपेक्षा खाली नेऊ नये, असा नियम आहे.

आता मुख्य मुद्दा. स्कूबा करून लगेच विमानात बसायचं नसतं. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि उंचावर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एकदाच उतरला असाल तर निदान बारा तास, जास्त वेळा उतरला असाल तर अठरा तास थांबा. रविवारी सकाळी बुडी आणि संध्याकाळी विमान, असा बेत मला कितीतरी गटांचा दिसतो. ज्यांनी आम्हाला बोटीत बसवलं त्यांनी हा विषय काढलाच नव्हता. मीच विचारला. म्हणून बुडी शनिवारी सकाळी घ्या, रविवार नदीच्या बेटांसाठी ठेवा. आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाला मिळाल्याशिवाय बोट सुटू देऊ नका. खवळलेल्या पाण्यात कुणाला उलटीचा त्रास होत असेल तर गोळी आधी घ्यायची, बोट हलायला लागल्यावर नाही.

कुंभारजुव्याहून

मी पाहुणी नाही, यजमान आहे. पुण्यात शिकताना वसतिगृहात एकत्र राहिलेल्या माझ्या मैत्रिणी दर वर्षा-दोन वर्षांनी माझ्याकडे येतात. एका वर्षी मी त्यांना मुद्दाम चवथीला बोलावलं. सातव्या दिवशी आमचा सांगोड असतो. दोन होड्या एकमेकींना बांधून त्यांवर देखावे उभे करतात, आणि शांतादुर्गा कुंभारजुवेकरणीचा गणपती विसर्जनाला निघतो. काठावर सगळा गाव. मैत्रिणी माझ्या सासूबाईंच्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या, आणि देखाव्यातली कथा कोणती हे सासूबाई त्यांना होडी पुढे जाईपर्यंत सांगत होत्या. शनिवार-रविवार जुळला तर याच दिवशी या. पण घरातलं कुणी ओळखीचं असेल तर. चवथीला आमच्याकडे हॉटेलासारखी सोय होत नाही, घरी मात्र पानावर जागा असते.

दुसऱ्या सकाळी मी त्यांना खाजनावर नेलं. समुद्राचं खारं पाणी नदीतून इथवर चढतं, ते बांधांनी अडवून आमच्या पूर्वजांनी शेती केली. बांधात मानस असते, लाकडी दारांची. भरती आली की पाण्याच्या दाबानेच दारं मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतलं पाणी बाहेर जातं. माणूस लागत नाही. आत पावसाळ्यात भात, कोरगुट, हा खारेपणा सोसणारा तांदूळ. मानशीच्या तोंडाशी जाळं लावलं की कोळंबी आणि शेवटे मासे. दुपारी तोच उकडा भात, त्याच माशांचं हुमण, म्हणजे आमटी, आणि सोलकढी. जुव्याची भेंडीही होती, सात शिरांची. माझी एक मैत्रीण कृषी खात्यात काम करते, ती मानशीपाशीच बसून राहिली, दारं मिटताना बघायची म्हणून.

येणाऱ्यांना विनंती आहे. बांधावर गाड्या घालू नका, तो मातीचा असतो आणि एकदा फुटला की खारं पाणी शेतात शिरतं. त्या शेताला पुन्हा उभं राहायला काही वर्षं जातात. ड्रोन उडवायच्या आधी विचारा. आमच्या अंगणात उभं राहून फोटो काढायला आमची ना नाही, फक्त हाक मारून या.

बेळगावहून

पाळोळ्याच्या उत्तर टोकाला काणकोणचं बेट आहे, आणि ओहोटीला तिथे चालत जाता येतं. आम्ही चौघी गेलो होतो. आमच्यातल्या एकीचं माहेर मालवणचं, तिने कोळ्यांचं गणित शिकवलं. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन. त्याच्या आगेमागे सहा तासांवर ओहोटी. हे ढोबळ आहे, गोव्यात भरती थोडी आधीच येते, म्हणून मुरगाव बंदराचं त्या दिवसाचं वेळापत्रक मोबाइलवर बघूनच पाय टाका. अष्टमीच्या सुमाराला ओहोटी फारशी खोल उतरत नाही, तेव्हा जाऊच नका. अमावास्या-पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया उत्तम, सकाळीच पाणी ओसरलेलं मिळतं आणि उन्हाआधी परत येता येतं. संध्याकाळच्या ओहोटीला गेलात तर अंधार आणि पाणी एकदम येतात.

खडकांवर कालवं असतात, कडा धारदार. चपला नकोत, बूट घाला. वर झाडीतून किनाऱ्याची आख्खी चंद्रकोर दिसते. आम्ही तिथे डबा खाल्ला आणि पाणी वळलंय हे दिसताच उठलो.

पणजीहून पुन्हा

दोघांनी बोंदेराम या उत्सवाबद्दल विचारलंय. दिवाडीला ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी असतो. वाड्यांमधल्या जुन्या हद्दीच्या भांडणांची आठवण म्हणून निशाणं घेऊन मिरवणूक निघते, मुलं फोताशींतून, म्हणजे बांबूच्या खेळण्यातल्या बंदुकांतून, फळं उडवतात. बघण्यासारखा आहे. पण त्या दिवशी फेरीला लांबच लांब रांगा लागतात, तेव्हा गाडी जुन्या गोव्यातच ठेवा आणि पायी चढा. शांत दिवाडी हवी असेल तर त्याच महिन्यातला दुसरा कुठलाही शनिवार धरा, भात तेव्हाही तेवढंच हिरवं असतं. फक्त पावसाचा जोर असला की फेरी थांबू शकते, म्हणून परतीची बस किंवा रेल्वे रविवार रात्रीची घेऊ नका, सोमवार सकाळची घ्या.